पातं कुठे थांबेल?

घराच्या गॅरेजमध्ये, शेतावरच्या शेडमध्ये किंवा इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या हातांनी बांधलेल्या छोट्या विमानाची चर्चा निघाली की ती पंखांचे सांधे, इंजिन, इंधनाच्या नळ्या यांभोवती फिरते. प्रोपेलरचा विषय येतो तो बहुधा वेगाच्या हिशेबात. कोणता बसवला तर ताशी दहा-पंधरा किलोमीटर जास्त मिळतील, एवढाच प्रश्न असतो. माझं म्हणणं असं की प्रोपेलर निवडताना वेगाचा प्रश्न दुसरा असावा. पात्यांचा कोन सांभाळणारी व्यवस्था हवेत निकामी झाली, तर पाती कोणत्या कोनावर जाऊन थांबतील आणि त्या कोनावर हे विमान उडत राहील का, हे आधी ठरलं पाहिजे. ठरलं म्हणजे कागदावर नव्हे, उडवून पाहून. या मताला भक्कम विरोध आहे आणि तो करणारी माणसं यंत्र समजणारी, हात काळे केलेली आहेत. म्हणून त्यांची बाजू त्यांच्याच जोमाने मांडून मग उत्तर देतो. खाली ‘बांधणारा’ म्हणून जो बोलतो तो कोणी एक गृहस्थ नाही. हौशी विमानबांधणीच्या जगात पुन्हा पुन्हा पुढे येणाऱ्या युक्तिवादांना दिलेला तो आवाज आहे.

बांधणारा : तुम्ही साध्या गोष्टीचा बाऊ करताय. पिच म्हणजे काय, तर प्रोपेलर घट्ट पदार्थातून फिरत गेला असता, तर एका फेरीत जेवढा पुढे सरकला असता तेवढं अंतर. साठ इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेऱ्या मारत असेल तर हिशेबाने तो ताशी साधारण २४७ किलोमीटर पुढे जाईल. पिच कमी, म्हणजे फाइन, ठेवलं की विमान लवकर उचलतं आणि चांगलं चढतं. जास्त, म्हणजे कोर्स, ठेवलं की समतल उड्डाणात वेग मिळतो. हा गाडीचा गिअर आहे. चुकीच्या गिअरमध्ये घाट चढताना गाडी कण्हते, पण त्याने कोणी मरत नाही. दोन उड्डाणं करायची, पिच थोडं इकडे-तिकडे करायचं, जमलं की बोल्ट आवळायचे. जगभर हजारो लोक हेच करतात.

लेखक : गिअरची उपमा जिथे तुटते तिथूनच धोका सुरू होतो, म्हणून ती आधी तपासू. गिअर बिघडला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला उभं राहायला जागा नाही, आणि वर चढायला लागणारी शक्ती ही नुसतं तरंगत राहायला लागणाऱ्या शक्तीवरची शिल्लक असते. एक हिशेब करून पाहा. धरून चालू की इंजिन शंभर अश्वशक्तीचं आहे, चांगल्या जुळलेल्या प्रोपेलरमधून त्यातली पंचाहत्तर हवेपर्यंत पोहोचते आणि विमानाला समतल उडण्यासाठी चाळीस लागतात. चढण्यासाठी पस्तीस उरल्या. आता पिच इतकं कोर्स ठेवलं की इंजिनाला ५,८०० ऐवजी ४,५०० च फेऱ्या गाठता येतात. टॉर्क साधारण तेवढाच राहतो, म्हणून शक्ती फेऱ्यांच्या प्रमाणात घटते आणि सुमारे अठ्ठ्याहत्तर उरते. शिवाय कमी वेगात एवढ्या तिरक्या पात्यांवरची हवा सुटते, त्यामुळे प्रोपेलरची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्क्यांवरून, समजा, साठवर आली. हवेपर्यंत पोहोचली सत्तेचाळीस. चढण्यासाठी उरली सात. इंजिनाची शक्ती पाव भागाहूनही कमी घटली आणि चढण पाचपट घटली. धावपट्टीच्या टोकाला झाडं असतील तर ही पाचपट घट गाडीसारखी नुसती कण्हत नाही. हा कोन किती नाजूक आहे तेही पाहा. ६८ इंच व्यासाच्या आणि ६० इंच पिचच्या प्रोपेलरमध्ये, मध्यापासून तीन चतुर्थांश अंतरावर, पात्याचा कोन साडेवीस अंशांच्या आसपास येतो. तिथे एक अंश वाढवला की पिच साठचं त्रेसष्ट इंच होतं. हातातला कोनमापक जरा कलला, किंवा मोजताना विमानाचं नाक थोडं वर होतं, तर एवढी चूक सहज होते. आणि तीन पात्यांपैकी एकाच पात्यात अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर तिन्ही पाती हवा सारखी ढकलत नाहीत. मग तोल वजनाने कितीही बरोबर केलेला असला तरी थरथर जात नाही आणि ती थरथर इंजिनाच्या बैठकीपर्यंत पोहोचते.

बांधणारा : हे सगळं जमिनीवर कळतं. विमान बांधून ठेवायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि फेऱ्या बघायच्या. कमी पडल्या तर पिच कमी करायचं.

लेखक : जमिनीवर जे कळतं ते जमिनीवरच कळावं, यात आपलं एकमत आहे. प्रमाणित विमानांच्या कागदपत्रांत उभ्या विमानाच्या पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्यांना वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा लिहिलेल्या असतात, त्या याचसाठी. घरी बांधलेल्या हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनाचंच घ्या. कमाल फेऱ्या ५,८००, त्याही पाच मिनिटांपुरत्या. सलग चालवायला ५,५००. आणि पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या ५,२०० च्या खाली राहतील एवढं ओझं प्रोपेलरने टाकू नये, असं उत्पादकाचं सांगणं. म्हणजे फक्त वरची लाल रेघ पाळून भागत नाही, खालूनही एक कुंपण आहे. कोर्स पिचने दबलेलं इंजिन कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने ओढत राहिलं तर सिलिंडरांतला स्फोट अवेळी होऊ लागतो आणि गिअरबॉक्सवर हातोड्याचे घाव पडतात. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही, म्हणून ‘दोन उड्डाणं केली, जमलं’ हा पुरावा मला पुरत नाही. लाकडी प्रोपेलरमध्ये आणखी एक गोष्ट काळावर अवलंबून असते. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, बोल्टांची पकड सैल होते, आणि हबच्या, म्हणजे प्रोपेलर जिथे बसतो त्या मधल्या भागाच्या, लोखंडावर लाकूड सूक्ष्म घासू लागतं. प्रोपेलर उतरवल्यावर हबला लागून असलेला पृष्ठभाग काळा, करपलेला दिसला तर समजावं की बोल्ट केव्हाच ढिले झाले होते. पिच ठीक होतं, थ्रॉटलवरच्या फेऱ्याही ठीक होत्या.

बांधणारा : मग काय, प्रत्येक हौशी माणसाने कंपनीसारखी प्रयोगशाळा काढायची? राइट बंधूंनी कोणाचं प्रमाणपत्र घेतलं होतं? डेटनमधलं सायकलचं दुकान, दोन भाऊ आणि एक मेकॅनिक. आजचे नियम तेव्हा असते तर १९०३ उजाडलंच नसतं. आपल्याकडेही बघा. मुंबईच्या कांदिवलीत वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. अशा माणसांच्या वाटेत आणखी अटी टाकायच्या?

लेखक : कागदाला लागलेला वेळ म्हणजे सुरक्षा नव्हे, हे मी विनाशर्त मान्य करतो. फायली अडून राहिल्याने कोणतंही पातं जास्त मजबूत होत नाही. पण राइट बंधूंचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. चाचणीची शिस्त मात्र इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती. १९०१ च्या अखेरीला त्यांनी स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांच्या सुमारे दोनशे नमुन्यांची मापं घेतली. प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंख, हे ओळखून त्यांनी पात्याच्या प्रत्येक भागाचा कोन आकडेमोडीने काढला. आणि साडेआठ फूट व्यासाच्या त्या लाकडी पात्यांची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास भरली. एवढी काळजी घेणाऱ्या माणसांच्या यंत्रातही १७ सप्टेंबर १९०८ रोजी, व्हर्जिनियातल्या फोर्ट मायर इथे, एक पातं लांबीच्या दिशेने चिरलं. त्याचा जोर गेला, प्रोपेलर थरथरू लागला, मागच्या सुकाणूला आधार देणाऱ्या तारेला धडकला आणि विमान कोसळलं. ऑर्व्हिल राइट गंभीर जखमी झाले आणि लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज गेले. इंजिनाच्या विमानात प्राण गमावलेला तो पहिला माणूस. म्हणजे या प्रकारच्या अपघातांच्या इतिहासाची पहिलीच नोंद प्रोपेलरच्या नावावर आहे. विमानबांधणी बंद करा, असा मी याचा अर्थ काढत नाही. राइट बंधूंनीही केली नाही. तुकडे तपासले, कारण शोधलं, यंत्र बदललं आणि १९०९ मध्ये ते पुन्हा त्याच मैदानावर आले. पण प्रोपेलर हा वेगाचा एक सुटा भाग आहे, मन मानेल तसा बदलून पाहावा, ही समजूत त्या दिवसानंतर टिकायला नको होती.

बांधणारा : ठीक. पण प्रमाणित प्रोपेलरसुद्धा माणसं मारतात. ५ एप्रिल १९९१, अमेरिकेत जॉर्जियातलं ब्रन्सविक. अटलांटिक साउथईस्ट या विमान कंपनीचं एम्ब्रेयर १२० विमान, मोठ्या नामांकित कंपनीचा प्रोपेलर, सरकारची मंजुरी. उतरताना डाव्या प्रोपेलरची पाती नको त्या कोनावर गेली आणि विमानातले सगळे तेवीस जण गेले. त्यांत माजी सिनेटर जॉन टॉवर होते, अंतराळवीर सनी कार्टर होते. मग तुमच्या त्या शिक्क्याला अर्थ काय?

लेखक : हे तुमचं सर्वांत बळकट उदाहरण आहे आणि म्हणूनच ते बारकाईने वाचायला हवं. तिथे पातं तुटलं नव्हतं. पात्यांचा कोन सांभाळणाऱ्या यंत्रणेतल्या एका लहान भागाचे दाते, त्यात बसणाऱ्या जास्त कठीण पृष्ठभागावर घासून झिजले. नियंत्रण सुटलं आणि पाती उड्डाणात चालेल अशा सर्वांत कमी कोनाच्याही खाली गेली. तिथे प्रोपेलर विमान ओढत नाही, अडवतो. एका बाजूला असा अडसर उभा राहिल्यावर वैमानिकाच्या हातात काही उरलं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदवताना यंत्रणेच्या रचनेलाही दोष दिला आणि ती रचना मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यालाही. कारण नेमका हा बिघाड झाला तर काय होईल, याचं मूल्यमापन बरोबर झालेलं नव्हतं. मी सुरुवातीला जो प्रश्न ठेवला, तोच तिथे चुकला होता. बिघाड झाल्यावर पातं कुठे थांबेल, याचं उत्तर गृहीत धरलं गेलं, तपासलं गेलं नाही. शिक्का चुकला हे मान्य. पण प्रश्न चुकीचा होता असं त्यातून निघत नाही. अमेरिकेच्या नियमांत प्रोपेलरसाठी जो भाग ३५ आहे, त्यात दोन गोष्टी माझ्या दृष्टीने सोन्यासारख्या आहेत. एक म्हणजे कोणत्याही एकाच बिघाडाने पाती उड्डाणातल्या किमान कोनाच्या खाली आपोआप जाता कामा नयेत. दुसरी म्हणजे हब आणि पाती धरून ठेवणारी रचना, चालू असताना येणाऱ्या कमाल केंद्रोत्सारी ओढीच्या दुप्पट ओढ तासभर सोसून दाखवेल. दुप्पट कशाला, असं वाटत असेल तर आकडा पाहा. २,७०० फेऱ्यांवर, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर असलेलं एक किलो वस्तुमान बाहेरच्या दिशेने सुमारे ३,२०० किलो वजनाएवढ्या जोराने ओढलं जातं. हे ओझं गॅरेजमध्ये हाताने हलवून पाहिलेल्या पात्याच्या मुळाशी येतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती ‘प्रमाणित की घरगुती’ या वादाच्या पलीकडची आहे. इंजिन चांगलं, प्रोपेलर चांगला, म्हणून जोडी चांगली असं नसतं. लायकमिंगच्या ओ-३६० इंजिनाच्या काही प्रकारांवर हार्टझेलचा विशिष्ट प्रोपेलर बसवला की २,००० ते २,२५० फेऱ्यांच्या पट्ट्यात सलग चालवू नये, अशी सूचना असते. दोन्ही वस्तू उत्तम, तरी इंजिनाच्या ठोक्यांची आणि पात्यांच्या कंपनाची लय त्या पट्ट्यात जुळते आणि धातू थकतो. मग बांधणाऱ्याने जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकले किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, की ठोके बदलतात आणि जुनी मोजमापं लागू राहत नाहीत. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला पहिल्या चाचणी टप्प्यात प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर रूढीने २५ तास, नसेल तर ४० तास उडावं लागतं. दोन आकड्यांतला फरक या जोडीवरूनच ठरतो, हे नियम करणाऱ्यांनी शहाणपणाने केलं आहे.

बांधणारा : मग नियम आहेतच की! चाळीस तास उडालो, काही झालं नाही, विषय संपला.

लेखक : चाळीस तास बिघाड न होता उडणं म्हणजे बिघाड झाल्यावर काय होईल हे तपासणं नव्हे. इथे हवेत पिच बदलता येणाऱ्या प्रोपेलरचा विचार वेगळा करावा लागतो, कारण माझा खरा आग्रह तिथे आहे. एक इंजिन असलेल्या बहुतेक विमानांत तेलाच्या दाबावर चालणारा कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे फेऱ्या आपोआप स्थिर ठेवणारा, प्रोपेलर असा असतो, की तेलाचा दाब पात्यांना कोर्सकडे ढकलतो. दाब गेला तर पाती फाइनकडे येतात आणि धातूच्या अडसराला टेकून थांबतात. हा अडसर योग्य कोनावर असेल तर वैमानिकाच्या हाती चढणीसाठीचा एक स्थिर प्रोपेलर उरतो. फेऱ्या वाढायला लागतात, म्हणून थ्रॉटल मागे घ्यायचा, वेग कमी ठेवायचा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. तेल गेल्यावर इंजिनाचं आयुष्य किती उरलं हा प्रश्न वेगळा, पण निदान प्रोपेलरने वाट अडवलेली नसते. विजेवर चालणाऱ्या प्रोपेलरमध्ये शक्यता तीन. वीज गेली तर पाती होती तिथेच राहतात, आणि बहुतेक वेळा हे सगळ्यांत सोयीचं. स्विच किंवा रिले चिकटला तर मोटर चालतच राहते आणि पाती एक तर फाइनच्या टोकाला जातात किंवा कोर्सच्या. आता टोक कुठे आहे? अनेक रचनांत ते एका मर्यादा-स्विचवर ठरलेलं असतं. ज्या वायरिंगच्या दोषाने मोटर बेभान झाली, त्याच वायरिंगवर तिला थांबवण्याचं काम सोपवायचं, हे मला पटत नाही. स्विच असावा, त्याच्या मागे, विजेशी संबंध नसलेला, धातूचा अडसर असायलाच हवा.

बांधणारा : फाइनचा अडसर मान्य. तो सगळेच ठेवतात. कोर्सच्या बाजूला कशाला बंधन? मी महागडा प्रोपेलर घेतो तो समतल उड्डाणातल्या वेगासाठी. कोर्सचा अडसर अलीकडे आणला तर पैसे पाण्यात.

लेखक : आपल्यातला खरा मतभेद हा आहे, म्हणून थोडा थांबतो. कोर्सला अडकलेला प्रोपेलर उंचावर काहीच त्रास देत नाही. विमान झोकात जात असतं. त्रास होतो तो उतरताना, आणि तोही तेव्हा, जेव्हा धावपट्टीवर अचानक जनावर येतं किंवा वारा फिरतो आणि पुन्हा वर जायचं ठरतं. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी इंजिन फेऱ्या घेत नाही, आणि आधी केलेला सात अश्वशक्तींचा हिशेब आता चाकं जमिनीपासून काही मीटरवर असताना लागू होतो. १९३४ च्या मिल्डनहॉल ते मेलबर्न हवाई शर्यतीतलं डी हॅविलंड कॉमेट हे विमान या बाबतीत मला नेहमी अभ्यासण्यासारखं वाटतं. त्याच्या प्रोपेलरना दोनच जागा होत्या. उडण्यापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरून पाती फाइनला आणायची. वेग वाढला की झडप उघडून हवा निघून जायची आणि पाती कोर्सला जायची. परत फाइनला येण्याची सोय हवेत नव्हती. म्हणजे प्रत्येक वेळी कोर्समध्येच उतरायचं. ती जोखीम मोठी होती, पण ती माहीत असलेली जोखीम होती, नेहमी एकाच बाजूची. वैमानिक प्रत्येक उतरण ‘दुसरी संधी अवघड आहे’ हे धरूनच करत. घरी बांधलेल्या विमानात बेभान मोटरने पाती कोर्सला नेली, तर तीच अवस्था न सांगता, पहिल्यांदाच, उतरतानाच कळते.

राहिला पैशांचा मुद्दा. विमान किती वेगवान आहे त्यावर त्याचं उत्तर बदलतं, आणि इथे मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. ज्या हलक्या विमानाचा चढणीचा वेग ताशी ११० आणि समतल वेग १६० किलोमीटर आहे, त्याला दोन टोकांतलं अंतरच इतकं कमी आहे की जमिनीवर लावून ठेवायचा साधा प्रोपेलर जवळजवळ सगळं देतो. तिथे हवेत पिच बदलण्याची व्यवस्था म्हणजे थोड्याशा फायद्यासाठी बिघाडाच्या तीन नव्या जागा निर्माण करणं. अशा विमानावर ती बसवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेतल्या विमानांसारखी ताशी तीनशेच्या आसपास जाणारी विमानं चढताना त्याहून पुष्कळ कमी वेगाने चढतात. तिथे फायदा खरा आहे, आणि तो सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण तिथेही कोर्सचा अडसर असा बसवता येतो की पूर्ण वजनावर, पाती त्या टोकाला अडकलेली असतानाही, विमान हळू का होईना वर चढेल. शेवटचे काही किलोमीटर वेग त्यात जातील. ते जाऊ द्यावेत.

बांधणारा : आणि वैमानिक कशाला असतो मग? बिघाड ओळखायचा, तरफ हलवायची, मार्ग काढायचा. सगळं यंत्रावर टाकून माणसाला मुक्त करायचं असेल तर उडायचंच कशाला?

लेखक : माणसाच्या कौशल्यावर माझा विश्वास आहे, गोंधळाच्या क्षणी त्याच्या हाताला योग्य तरफ आपोआप सापडेल यावर नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमध्ये पोखऱ्याला उतरताना यती एअरलाइन्सच्या एटीआर ७२ मध्ये फ्लॅपची तरफ ओढायची, तिथे दोन्ही प्रोपेलरच्या तरफा मागे ओढल्या गेल्या. पाती हवेच्या रेषेत येऊन ओढ देईनाशी झाली, इंजिनं चालू असताना विमान पडलं आणि बहात्तर जण गेले. त्यांत पाच भारतीय होते. विमान चालवणारे दोघेही प्रशिक्षित, परवानाधारक वैमानिक होते आणि तरफांचे आकारही वेगवेगळे होते. घरी बांधलेल्या विमानात पिच बदलायची कळ अनेकदा एक छोटा टॉगल स्विच असतो, पंप आणि दिव्यांच्या स्विचांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच दिसणारा. बांधणाऱ्याला तो अंधारातही सापडतो, कारण त्याने तो स्वतः बसवलेला असतो.

आणि विमान कायम बांधणाऱ्याकडेच राहत नाही. अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात ही विमानं सुमारे दहा टक्के. २०११ मधल्या त्या क्षेत्रातल्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे पंधरा टक्के, आणि प्राणघातक अपघातांत एकवीस. त्या वर्षी तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमानं मूळ बांधणाऱ्याकडे नव्हती, विकत घेतलेली होती. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्याजवळ गेले तेही अशाच विमानात. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचं ते लाँग-ईझेड दुसऱ्याने बांधलेलं होतं आणि इंधनाच्या टाक्या बदलायची कळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती, खुणांशिवाय. तो प्रश्न इंधनाचा होता, पिचचा नाही, पण मुद्दा तोच आहे. बांधणाऱ्याच्या डोक्यातली माहिती विमानाबरोबर विकली जात नाही. पात्यांचा कोन किती, दोन्ही अडसर किती अंशांवर, बोल्ट किती टॉर्कने आणि केव्हा आवळले, उभ्या विमानाच्या फेऱ्या किती, कोर्सला अडकल्यावर मिनिटाला किती मीटर चढण मिळते, हे विमानाच्या वहीत नसेल तर नव्या मालकासाठी ते कुठेच नाही.

बांधणारा : वहीत लिहिण्याला माझा विरोध नाही. पण मुद्दाम कोर्सच्या टोकाला नेऊन थ्रॉटल उघडायचा, म्हणजे ज्या संकटापासून वाचायचं तेच ओढवून घ्यायचं. शिवाय ते पूर्ण वजनावर करायचं म्हणता. माझा जीव माझा, मी काय करायचं ते मी ठरवीन.

लेखक : तुमचा जीव तुमचा, यावर वाद नाही, म्हणूनच मी कोणत्याही खात्याच्या नव्या शिक्क्याची मागणी करत नाही. अमेरिकेत तर अलीकडे ठरावीक तास भरण्याऐवजी ठरवलेल्या चाचण्या पूर्ण करण्याचा पर्यायही दिला गेला आहे, आणि माझ्या मते तोच रस्ता बरोबर आहे. मोजायचे तास नव्हेत, उत्तरं. चाचणी जमिनीपासून सुरू करा. पाती फाइनच्या अडसरावर, विमान बांधलेलं, थ्रॉटल पूर्ण, फेऱ्या लाल रेघेच्या आत राहतात की नाही. मग धावपट्टीच्या डोक्यावर हजार-दीड हजार मीटर उंची घ्या, फाइनलाच पाती ठेवून कोणत्या वेगापर्यंत फेऱ्या आवाक्यात राहतात ते लिहा. शेवटी कोर्सचा अडसर, उतरतानाचा वेग, फ्लॅप खाली, आणि थ्रॉटल हळूहळू पूर्ण; अर्ध्या मिनिटात चढणीचा आकडा मिळतो आणि इंजिनाला जास्त वेळ दाबून ठेवावं लागत नाही. विमान खाली जातच राहिलं तर उंची हाताशी आहे. थ्रॉटल मागे घ्या, पाती परत आणा, खाली उतरून अडसर एक-दोन अंश अलीकडे सरकवा आणि पुन्हा जा. अमेरिकेत अशा विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. ती वाचून शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला पात्यांच्या कोनाबद्दल काहीही कळत नाही. तो तुमच्या शब्दावर बसतो. म्हणून पूर्ण वजनाची चाचणी तो बसण्याआधी झालेली असावी. वजन हवंच, तर त्या सीटवर वाळूच्या पिशव्या पट्ट्याने घट्ट बांधा, हलणार नाहीत अशा, आणि तोलाचा मध्य मर्यादेत आहे हे आधी मोजून घ्या.